वरकस जमीन आणि गवताचा व्यापार : शहापूर-मुरबाडच्या वसाहतीचें एक प्रकरण

एखादी वस्तु कवडीमोल आहे असें सांगावयाचें झालें म्हणजे ती 'तृणवत्' मानली असें आपण म्हणतों. संस्कृतांतील हा प्रयोग मराठींतही जसाच्या तसा उतरला आहे. आम्हीं स्वतः अनेक वर्षें हा शब्द विद्यार्थ्यांस शिकविला. परंतु ज्या मुलखांत बसून तो शिकविला त्या मुलखांतील बाजार, कर्जें, खटले आणि वाड्यापाडे यांच्या बुडाशीं हेंच तृण आहे, ही गोष्ट आमच्या ध्यानांत पुष्कळ उशिरां आली.

नगदी पीक म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें देशावरील ऊंस, वऱ्हाड-खानदेशांतील कापूस किंवा दक्षिणेकडील तंबाखू उभी राहते. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत यांपैकीं कोणतेंच पीक महत्त्वाचें नव्हतें. येथें भात पिके तें बहुतांशीं खाण्याकरितां व सारा देण्याकरितां. मात्र जें पेरावें लागत नाहीं, ज्याला नांगर नको, बीं नको, असें गवत मुंबई शहराच्या मागणीमुळें पैशाचें पीक बनलें. या पिकानें वस्तीची मांडणी कशी बदलली, जमिनीच्या मालकीस कोणतें वळण लागलें, आणि त्यांत कोणाचें साधलें व कोणाचें गेलें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. गवत हें एकटेंच कारण होतें असें आमचें म्हणणें नाहीं. लांकूड, कोळसा व भात यांचाही वाटा मोठा आहे. परंतु त्या तिहींविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे आणि गवताची उपेक्षा झाली आहे, म्हणून हा प्रयत्न.

१. प्रदेश आणि जमिनीचे दोन वर्ग

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशीं आहेत. शहापुराच्या बाजूस माहुलीचा किल्ला व थळघाट. मुरबाडच्या बाजूस नाणेघाट, माळशेज व सिद्धगड. भातसा, काळू, शाई, बारवी या नद्या सह्याद्रीच्या बाजूनें उतरून उल्हास नदीच्या पाण्यास मिळतात. उत्तरेकडील तानसा वैतरणेस मिळते. पाऊस वर्षास शंभर इंचांच्या आसपास, आणि तो बहुतेक सगळा मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत पडतो. पुढील आठ महिने आभाळ कोरडें. चार महिने अतिवृष्टि व आठ महिने अवर्षण, या विषम कालगणनेवर येथील सर्व व्यवहार उभा आहे.

जमिनीचे येथें दोन ठळक वर्ग आहेत. सखल भागांत बांध घालून पाणी अडविलेलीं भाताचीं खाचरें. आणि त्यांच्या भोंवतीं उतारावरील, मुरमाड, पातळ मातीची जमीन, जिला वरकस म्हणतात. वरकस जमिनींत दोन-तीन वर्षें नागली, वरी यांसारखीं हलकीं पिकें घ्यावयाचीं व नंतर ती कांहीं वर्षें विसांव्यास टाकावयाची, अशी रीत होती. विसांव्याच्या काळांत तिच्यावर गवत माजे. महसुली दृष्टीनें ही जमीन खालच्या प्रतीची. परंतु तिच्यावांचून वरच्या प्रतीची जमीन पिकत नसे, हें येथील शेतीचें मर्म आहे.

तें असें. भाताचें रोप तयार करण्यासाठीं उन्हाळ्यांत जमिनीचा एक तुकडा भाजावा लागतो. त्यावर शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा, गवत व वर माती असे थर रचून वैशाखाच्या सुमारास आग देतात. यास राब म्हणतात. राबामुळें तणाचें बीं जळतें, राख मिळते व रोप जोमानें वर येतें. हें राबाचें साहित्य येतें कोठून? वरकस जमिनींतून व लगतच्या रानांतून. अर्थात् एक एकर खाचर पिकवावयाचें तर त्याच्या पाठीमागें कितीतरी वरकस लागते. शिवाय बैलांस चारा, घरास शाकार, गाईगुरांस चराई हेंही तेथूनच. म्हणून पूर्वींचा शेतकरी वरकस जमिनीस शेताचें अंग समजे. ती वेगळी विकण्याची वस्तु आहे असें त्याच्या मनांत येत नसे.

२. लोहमार्गापूर्वींची स्थिति

गवताचें महत्त्व राज्यकर्त्यांस प्राचीन काळापासून ठाऊक होतें. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत कुरणांवर देखरेख करणारा 'विवीताध्यक्ष' नांवाचा अधिकारी सांगितला आहे. आणि गांवाच्या सभोंवार शंभर धनुष्यें रुंदीचा पट्टा गुरांसाठीं मोकळा सोडावा अशी मनुस्मृतीची आज्ञा आहे. या दोन वचनांत एक भेद आहे, तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे. मनूच्या दृष्टीनें गवत हें गांवाचें. कौटिल्याच्या दृष्टीनें तें राज्याच्या उत्पन्नाचें एक कलम. पुढील दोन हजार वर्षांतील तंटा या दोन दृष्टींचाच आहे.

मुरबाड तालुक्यांतील वैशाखरे गांवावरून नाणेघाटाची वाट वर जुन्नराकडे चढते. घाटमाथ्यावरील लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यांत यज्ञांच्या दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण यांच्या संख्या नोंदलेल्या आहेत. सोपारें व कल्याण या बंदरांचा माल या वाटेनें देशावर जाई. हा माल बैलांच्या पाठीवरून जात असल्यामुळें, घाट चढण्यापूर्वीं जनावरांस एक-दोन मुक्काम पोटभर चारा व पाणी मिळणें अवश्य होतें. घाटपायथ्याचीं कित्येक गांवें या मुक्कामांमुळें टिकलीं असावीं असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. पुढील काळींही वंजाऱ्यांचे तांडे मीठ घेऊन घाट चढत व देशावरचें धान्य घेऊन खालीं उतरत. परंतु या व्यवहारांत गवत वाटेवरच संपे. तें कोठें पाठविलें जात नसे. त्याची किंमत होती, पण बाजारभाव नव्हता.

शहापूरचा भाग पूर्वीं कोळवणांत मोडे. रान दाट, वस्ती विरळ. १६३६ सालीं मोंगल व आदिलशाही या दोन्ही फौजांच्या रेट्यापुढें शहाजी राजांनीं अखेरचा आश्रय माहुलीच्याच किल्ल्याचा घेतला होता, यावरून हा मुलूख किती आडवळणी होता याची कल्पना येते. महादेव कोळी, ठाकूर, वारली, कातकरी या लोकांच्या वाड्या रानांत विखुरलेल्या. कुणबी व आगरी यांचीं गांवें खाचरांच्या कडेनें. कायम बाजार असलेलीं ठिकाणें थोडीं. मुरबाड तालुक्यांत म्हसें येथें पौष पौर्णिमेस भरणारी जत्रा गुरांच्या व घोंगड्यांच्या खरेदीविक्रीसाठीं आजही प्रसिद्ध आहे. हंगामी बाजारावर भागणारा हा मुलूख कायमच्या पेठांकडे कसा वळला, हें आतां पाहूं.

३. मुंबईची भूक

एकोणिसाव्या शतकांत मुंबई वाढली ती माणसांबरोबर जनावरांचीही वाढली. गाड्यांचे बैल, बग्ग्यांचे व पलटणींचे घोडे, गवळ्यांच्या तबेल्यांतील म्हशी, या सर्वांस रोज चारा हवा, आणि बेटावरील मोकळीं कुरणें तर घरांखालीं जात चाललेलीं. १८३८ च्या सुमारास सरकारनें चराईवर कर बसविला तेव्हां सर जमशेटजी जीजीभाई यांनीं वीस हजार रुपये देऊन ठाकुरद्वाराजवळची जमीन गुरांच्या चरणीसाठीं घेतली, आणि त्या चरणीवरूनच चर्नी रोड हें नांव पडलें, असें सांगतात. शहरास आपल्या पोटांतलें गवत पुरेनासें झाल्याची ती खूण समजावी.

९ मे १८७४ रोजीं मुंबईंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. आरंभीं कंपनीजवळ २० गाड्या व २०० घोडे होते; १९०५ सालीं ही घोडा-ट्राम बंद झाली तेव्हां तिच्या पागेंत १,३६० घोडे होते. हा एकट्या ट्रामचा हिशेब झाला. खाजगी बग्ग्या, भाड्याच्या व्हिक्टोरिया, बैलगाड्या व म्हशी यांची भर घातली म्हणजे मुंबईच्या भुकेचा अंदाज येईल.

ती भूक भागविण्याचें साधन लोहमार्गानें दिलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई-ठाणें गाडी सुरू झाली. १८५४ सालीं रूळ कल्याणास, १८५५ सालीं वासिंदास, १८६० सालीं आसनगांवास व १८६१ सालीं कसाऱ्यास पोंचले. थळघाट ओलांडून इगतपुरीस गाडी गेली ती १८६५ सालीं. म्हणजे घाटाचें अवघड काम चाललें असतां कांहीं वर्षें आसनगांव व कसारा हीं मार्गाचीं शेवटचीं टोंकें होतीं. ज्या मालाची ने-आण पूर्वीं जनावराच्या पाठीवर अशक्य होती तो माल आतां एका दिवसांत मुंबईस जाऊं लागला.

गवत हा माल मोठा चमत्कारिक आहे. वजनास हलका, आकारास अवाढव्य, किमतीस अल्प. बैलगाडींत भरला तर गाडी भरते, पण पैसे भरत नाहींत. आणि वाट लांब असली तर ओढणारे बैलच वाटेंत त्याचा फडशा पाडतात. म्हणून गवताचा व्यापार व्हावयाचा तर दोन गोष्टी लागतात : रूळ जवळ असावा, आणि गवत दाबून त्याच्या गांठी बांधण्याची सोय असावी. या दोन्ही गोष्टी जेथें एकत्र आल्या तेथें गवताच्या वखारी झाल्या.

४. वखारी, पेठा आणि मुरबाडचें निराळेपण

शहापूर गांव जुन्या आग्रा रस्त्यावर आहे. लोहमार्ग मात्र त्यास बगल देऊन आसनगांवावरून गेला. त्यामुळें तालुक्याची कचेरी एकीकडे व मालाचें ठाणें दुसरीकडे अशी फाटाफूट झाली. वासिंद, आसनगांव, आटगांव, खर्डी, कसारा ही आजची वस्तीची माळ लोहमार्गाच्या दोऱ्यांत ओंवलेली आहे. मुंबईपासून वासिंद सुमारें ८० व कसारा १२१ किलोमीटर. या चाळीस किलोमीटरांच्या पट्ट्यांत स्थानकाशेजारीं वखार, वखारीशेजारीं वाण्याचें दुकान, दुकानाशेजारीं भातगिरणी व सावकाराची पेढी, आणि त्यांच्या मागें मजुरांच्या झोंपड्या, हा क्रम दिसून येतो. रूळ आले म्हणून पेठ झाली, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु रूळ ही वाट आहे, माल नव्हे. स्थानक झालें तरी त्यावर चढविण्यास कांहीं नसेल तर तें ओसाडच राहतें. लांकूड, कोळसा, भात आणि गवत यांनीं तीं स्थानकें भरलीं. आणि यांपैकीं गवत हेंच असें होतें कीं जें तोडून संपत नसे. झाड तोडलें कीं पुन्हां उभें राहण्यास एक पिढी लागे. गवत पुढल्या आश्विनांत हजर.

मुरबाडची गोष्ट निराळी. एकोणिसाव्या शतकांत तेथें लोहमार्ग गेला नाहीं. मुरबाडापासून कल्याण सुमारें ३० किलोमीटर, आणि टोंकावडें, धसई येथून आणखी दूर. इतक्या अंतरावरून गाडीभर गवत कल्याणास नेणें फारसें परवडण्यासारखें नव्हे. ज्या मालास भाडें सोसतें तोच दूरचा प्रवास करतो, या नियमानें मुरबाडच्या आंतील भागांतून भात व कोळसा बाहेर गेला, आणि गवत गुरांच्या पोटांतून म्हसें येथील बाजारांत गेलें. म्हणूनच मुरबाड, सरळगांव, धसई या पेठा रस्त्याच्या व आठवड्याच्या बाजाराच्या वळणावर वाढल्या, शहापूरकडच्या पेठांसारख्या एका ओळींत वाढल्या नाहींत. जमीन एक, पाऊस एक, लोक एक. परंतु रुळापासूनच्या अंतरानें दोन शेजारी तालुक्यांच्या वस्तीस दोन घाट आले. आमच्या प्रतिपादनास याहून चांगला पुरावा नाहीं.

५. वरकस कोणाची?

गवतास भाव आला आणि वरकस जमिनीस मालक मिळाला. यापूर्वीं ती कोणाची हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे. इंग्रजी पाहणीनें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हद्दी कायम केल्या, आकार ठरविला व खातें लाविलें. ज्यास लिहितां-वाचतां येत होतें, ज्याची कचेरींत ये-जा होती, त्याच्या नांवावर माळ चढले. कुणब्याच्या व आदिवासीच्या वहिवाटीस कागद नव्हता. पुढें कर्जाच्या फेडींत जमीन गेली ती बहुधा अशीच गेली : प्रथम वरकस, मग खाचर.

दुसऱ्या बाजूनें सरकारनें हात घातला. १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव रानांच्या हद्दी आंखल्या व टहाळ तोडणें, चराई करणें, गवत कापणें यांवर बंधनें आलीं. राबाशिवाय भात नाहीं व टहाळाशिवाय राब नाहीं, हें शेतकऱ्यांचें गाऱ्हाणें. राबामुळें जंगल नष्ट होतें, हें जंगलखात्याचें उत्तर. ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत हा असंतोष इतका वाढला कीं १८८५ सालीं मुंबई सरकारास एक जंगल-आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ सालीं निघाला. जोतीराव फुले यांनीं १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत गायरानें व डोंगर जंगलखात्यानें गिळल्याची जी तक्रार केली, ती देशावरची म्हणून वाचली जाते; परंतु ती या मुलखासही जशीच्या तशी लागू पडते. १८९२ च्या कायद्यानें तर याच दोन जिल्ह्यांत मोहाचीं फुलें गोळा करून ठेवण्यावरही निर्बंध घातला. मोह हें आदिवासींचें उन्हाळ्यांतील अन्न, आणि गवत ही त्यांची दिवाळीपुढची मजुरी. दोन्ही दुसऱ्याच्या परवानगीच्या वस्तु झाल्या.

गवताचें हें राजकीय स्वरूप पुढें उघड झालें. १९३० च्या जंगल सत्याग्रहांत लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसद येथें कायदेभंग केला तो राखीव रानांतलें गवत कापून. त्याच वर्षीं २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यांत चिरनेर येथें जंगल सत्याग्रहाच्या वेळीं गोळीबार झाला. मूठभर गवत कापणें हा राजद्रोह कसा होऊं शकतो, याचें नवल शहरांतील वाचकांस वाटलें असेल. ज्यांचें पोट त्या मुठीवर होतें त्यांस वाटण्याचें कारण नव्हतें.

६. कापणारे हात

येथवर व्यापाराची बाजू झाली. आतां ज्यांच्या विळ्यावर तो चालला त्यांच्याकडे वळलें पाहिजे.

गवत कापण्याचा काळ मोठा आंखूड असतो. हस्ताचा पाऊस सरला कीं आश्विनांत कापणी सुरू होते. फार लवकर कापलें तर गवत ओलें राहून गंजींत कुजतें व तापतें. उशीर झाला तर काडी राठ होते, सत्त्व जातें, आणि कुसळी गवतास कुसळ धरल्यावर जनावरें तोंड लावीत नाहींत. नेमक्या याच वेळीं खाचरांतील भातही कापणीस येतें. म्हणजे एकाच पंधरवड्यांत दोन पिकांस दुप्पट हात हवेत. ज्यास स्वतःचें भात आहे तो कुणबी आपलें शेत सोडून दुसऱ्याच्या माळावर जाणार नाहीं. जाईल तो भूमिहीन कातकरी, ठाकूर किंवा वारली. परंतु तोही मोकळा असेल तर मजुरी वाढवून मागेल. तो मोकळा असूं नये अशी व्यवस्था आषाढ-श्रावणांतच होऊन जाई.

पावसाळ्याच्या मध्यावर घरांतलें धान्य संपतें. त्या वेळीं सावकार किंवा जमीनदार जें धान्य उसनें देई त्यास खावटी म्हणत. परतफेड हंगामांत दिढीनें किंवा दुपटीनें करावयाची. आणि धान्य नसेल तर अंगमेहनतीनें. श्रावणांत खाल्लेल्या नागलीचें मोल आश्विनांत गवताच्या भाऱ्यांनीं चुकवावें लागे, आणि भाव ठरविणारा एकच. लग्नासाठीं घेतलेल्या पैशापायीं नवराबायको दोघांनीं वर्षानुवर्षें राबावें, अशा लग्नगड्याच्या पद्धतीचें वर्णन जिल्ह्याच्या उत्तर भागाविषयीं प्रसिद्ध आहे. १९३९ सालच्या सिमिंग्टन यांच्या सरकारी अहवालांत डहाणू, उंबरगांव व मोखाडा येथील आदिवासींच्या दैन्याची जी हकीकत आली आहे, तींतील मोखाडा पेठा त्या वेळीं शहापूर तालुक्याचाच भाग होता. तेव्हां ही दूरची गोष्ट म्हणून बाजूस सारतां येणार नाहीं.

खावटीचा फांस तोडण्याचे प्रयत्नही याच डोंगराच्या आश्रयानें झाले. माथेरानचे भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांनीं शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठ्यांची चळवळ केली. गांवचें धान्य गांवच्या कोठींत असेल तर श्रावणांत सावकाराच्या दारीं जावें लागणार नाहीं, हा तींतील साधा विचार. १९४२ च्या आंदोलनांत भूमिगत झालेले कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजीं मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळीबारांत हुतात्मे झाले. त्यांचें स्मरण स्वातंत्र्यवीर म्हणून होतें तें योग्यच. परंतु श्रावणांतील रिकाम्या कणगीचा विचार करणारा माणूस म्हणूनही तें व्हावें.

जानेवारी १९४५ मध्यें कल्याण तालुक्यांत टिटवाळें येथें महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली, आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं उत्तरेकडील वारल्यांनीं वेठ नाकारली. त्या वर्षींच्या आश्विनांत लढ्याचा मुद्दा गवताच्या मजुरीचा होता : पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. मागणी एवढीच. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला व पांच जण ठार झाले. पांचशें पौंड म्हणजे सव्वादोनशें किलोंहून अधिक. येवढें गवत उन्हांत वांकून कापावयाचें, बांधावयाचें, डोकीवरून वाहावयाचें. आणि त्याचे अडीच रुपये मागितले तर गोळी. तृणवत् या शब्दाचा अर्थ आम्हांस येथें नव्यानें कळला. या व्यवहारांत गवतास भाव होता. माणूस तृणवत् होता.

७. कायद्याच्या व्याख्येंत गवत

स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं मुंबईचा कुळकायदा झाला व १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. या कायद्यांतील 'शेती' या शब्दाची व्याख्या अभ्यासकांनीं अवश्य पाहावी. पीक काढण्याबरोबर गवत वाढविणें हेंही तींत शेती म्हणून गणलें आहे, आणि भातजमिनीस जोडलेली असो वा नसो, राबासाठीं जमिनीचा उपयोग करणें हेंही शेतींतच धरलें आहे. केवळ लांकूडतोड मात्र वगळली आहे. आमच्या मतें या व्याख्येवर कोंकणपट्टींतील शेतीची छाप स्पष्ट आहे. परंतु व्याख्येनें प्रश्न मिटत नाहीं. माळावर गवत आपोआप उगवतें. तें 'वाढविलें' असें म्हणावयाचें कीं नाहीं? वर्षास पंधरा दिवस कापणीस येणारा मनुष्य कूळ कीं मजूर? खाचरांत नांगर धरणाऱ्यास आपली वहिवाट दाखवितां येई. विळा धरणाऱ्यास ती दाखविणें फार कठीण. यामुळें एकाच गांवांत खाचराचा कसणारा मालक झाला, आणि त्याच्या वरच्या माळावर पिढ्यानपिढ्या गवत कापणारा तसाच राहिला.

त्यानंतर व्यापारासही ओहोटी लागली. घोडे गेले, मोटारी आल्या. १९४९ सालीं स्थापन झालेल्या आरे वसाहतींत मुंबईच्या म्हशींपैकीं पुष्कळ हलविल्या गेल्या. ३० ऑगस्ट १९७५ पासून अंमलांत आलेल्या खाजगी वनें संपादन कायद्यानें अनेक वरकस जमिनी वन म्हणून सरकारजमा झाल्या व त्यांवरील वाद आजतागायत चालू आहेत. १९७६ सालीं वेठबिगारी कायद्यानें नष्ट झाली. त्याच साली आदिवासींच्या आर्थिक स्थितीच्या सुधारणेचा कायदा होऊन सावकारीस बंदी व मालाची एकाधिकार खरेदी आली. मात्र अंगवळणीं पडलेलें ऋतुचक्र कायद्यानें एकदम पालटत नाहीं. आम्ही शाळेंत असतां हजेरीपटावर हें चक्र स्पष्ट उमटलेलें दिसे. दिवाळीची सुट्टी संपली कीं कातकरी वाडीवरील मुलांच्या नांवांपुढें गैरहजेरीच्या खुणांची ओळ सुरू होई, ती थेट वैशाखापर्यंत. आईबाप वीटभट्टीवर गेलेले असत, आणि उचल पावसाळ्यांतच घेतलेली असे. गवताच्या जागीं वीट आली. श्रावण तोच राहिला.

८. उपसंहार

वरील विवेचनाचें सार असें. शहापूर-मुरबाडच्या वसाहतीचा पाया भाताच्या खाचरांनीं घातला. परंतु तिचा आधुनिक आकार वरकस जमिनीवरच्या मालानें ठरविला. रुळालगत पेठा झाल्या, आंतील वाड्या त्या पेठांच्या ऋणको झाल्या. मालाची वाढ स्थानकाशीं झाली आणि झीज डोंगरावर. याच मुलखानें मुंबईस पुढें पाणी दिलें : १८९२ सालचा तानसा तलाव, नंतर वैतरणा व भातसा. आणि उन्हाळ्यांत शहापूरच्या कित्येक पाड्यांवर टँकरनें पाणी येतें, हें वर्तमानपत्रें वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. आतां समृद्धि महामार्ग या तालुक्यांतून गेला असून त्याचा इगतपुरी-आमणें हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. माळाच्या जमिनीस पुन्हां भाव आला आहे, या वेळीं गवतासाठीं नव्हे, जमिनीसाठींच. प्रथम गवत गेलें, मग पाणी, आतां माळ. प्रत्येक वेळीं मागणी मुंबईची होती, आणि प्रत्येक वेळीं विकणारा कोण हें कागदानें ठरविलें.

म्हणूनच कागदांचा शोध हें केवळ पंडिती काम राहिलेलें नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें चराईचा व गौण वनोपजांचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. तो मागावयाचा तर पूर्वींची वहिवाट दाखवावी लागते. जुन्या वखारींच्या चोपड्या, गाडीभाड्याच्या पावत्या, सावकारांच्या खतावण्या, खावटीचे रोखे, जुने सातबारे व फेरफार, पाहणीच्या वेळचे नकाशे हीं साधनें आमच्या तालुक्यांत अजून घरोघरीं माळ्यावर पडून आहेत. राजघराण्यांचीं पत्रें जपणाऱ्या आमच्या अभ्यासकांस गवताची चोपडी क्षुद्र वाटते. ती वाळवीच्या हवालीं होण्यापूर्वीं तिची नक्कल करून ठेवावी, आणि ज्यांच्यापाशीं कागद नाहींत त्या वृद्ध कापणाऱ्यांच्या तोंडची हकीकत, कोणत्या माळावर, कोणासाठीं, कोणत्या वर्षापर्यंत कापलें एवढ्या तपशिलासह, लिहून घ्यावी. कागद नसलेल्याची साक्ष त्याच्या आयुष्याबरोबर संपते. वाचकांपैकीं जे त्या बाजूचे असतील त्यांनीं येत्या आश्विनापूर्वीं या कामास आरंभ करावा, एवढीच आमची विनंति आहे.